ती 'दादा' म्हणेनाशी झाली

या पंधरवड्यात सदरासाठी एकच पत्र घेतले आहे. नाशिकच्या गंगापूर रोड भागात राहणाऱ्या एका आजींचे ते आहे. वय ७१, शिक्षिका म्हणून निवृत्त. अक्षर अजूनही फळ्यावर काढावे तसे सुवाच्य. घर ओळखू येऊ नये इतके फेरफार करून पत्राचा मुख्य भाग येथे देत आहे.

"माझी सून तीन वर्षांपूर्वी गेली. नातू तेव्हा दीड वर्षाचा होता, आता साडेचार वर्षांचा आहे. मुलगा सातपूरला कारखान्यात अभियंता. सकाळी आठला घर सोडतो, परतायला सात वाजतात. माझे दोन्ही गुडघे गेलेले, मूल कडेवर घेण्याची डॉक्टरांनी मनाई केली. म्हणून ओळखीतून पेठ तालुक्यातील एक मुलगी नातवाला सांभाळायला ठेवली. वय तीस. नवऱ्याने टाकलेली. तिची स्वतःची आठ वर्षांची मुलगी गावी आईपाशी असते. ही पंचवटीत मावसबहिणीकडे राहते आणि रोज निमाणीवरून बस धरून येते.

मुलीत खोड काढावी असे काही नाही. नातवाला डेंग्यू झाला तेव्हा चार रात्री तिने दवाखान्यात बसून काढल्या. तो तिला मावशी म्हणतो. क्वचित झोपेत आई म्हणतो. मी ऐकून न ऐकल्यासारखे करते.

गेल्या दोन-तीन महिन्यांत मात्र काही वेगळे दिसू लागले आहे. माझ्या मुलाच्या शर्टांना इस्त्री करणे हे तिचे काम नाही, ती करते. सात वाजायला आले की केस विंचरते. तो उशिरा येणार असला तर काहीतरी काम काढून थांबते. आणि परवा माझ्या लक्षात आले की ती त्याला 'दादा' म्हणेनाशी झाली आहे. पहिल्या दिवसापासून दादा म्हणायची. आता काहीच म्हणत नाही. 'चहा ठेवू का?' एवढेच, बिननावाचे.

मुलाच्या मनात काय आहे ते कळत नाही. त्याला बहुधा काही दिसलेलेच नाही. किंवा दिसले आहे आणि बरे वाटते आहे. माझी बहीण म्हणते, आजच हिशेब करून तिला काढून टाक. शेजारीण म्हणते, लग्न लावून दे, पोराला आई मिळेल आणि तुझीही सोय होईल. मला दोन्ही ऐकवत नाही. रात्री झोप लागत नाही. रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली. मी काय करू?"

ताई, तुमच्या पत्रातील 'दादा' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे घरी कामाला येणारी स्त्री घरातल्या पुरुषाला दादा, भाऊ, काका म्हणते. दिवसभर परक्या घरात एकटीने वावरायचे असते, म्हणून ती पहिल्याच दिवशी एक नाते जाहीर करून टाकते. ते तिचे कुंपण असते. तुमच्या घरी तिने ते कुंपण काढून घेतले आहे आणि त्या जागी दुसरे काही लावलेले नाही. मला यात लबाडी दिसत नाही. जिला डाव साधायचा असतो ती मोठ्याने 'दादा' म्हणत राहते. हिला खरे नसलेले नाते उच्चारणे जमेनासे झाले आहे, इतकेच.

आता तुमच्या बहिणीचा सल्ला. तो ऐकू नका, असे मी स्पष्टच सांगते. आणि त्याचे कारण तुमचा नातू आहे.

मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील बंधाचा आयुष्यभर अभ्यास करणारे जॉन बोल्बी हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ तुमच्या वाचनात कदाचित आले असतील. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी लिहिलेला मातृवियोगावरील अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला आणि मुलांची रुग्णालये व अनाथालये कशी चालवावीत याविषयीचा विचारच त्याने बदलला. या बोल्बींचे स्वतःचे बालपण लंडनच्या एका सुखवस्तू घरात गेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे आई मुलांना दिवसातून तासभर भेटे; बाकीचा दिवस मिनी नावाच्या दाईपाशी जाई. बोल्बी चार वर्षांचे असताना मिनी नोकरी सोडून गेली. पुढे त्यांनी सांगितले की ते दुःख आई जाण्याच्या दुःखाइतकेच होते. घरातील मोठ्यांच्या दृष्टीने एक नोकर बदलला होता, मुलाच्या दृष्टीने जगाचा खांब गेला होता.

तुमच्या नातवाचे वय तेच आहे. शिवाय त्याने एक आई आधीच गमावली आहे. ती त्याला आठवत नाही असे आपण मोठी माणसे म्हणतो, पण आठवण आणि उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी निमाणीची बस आली आणि मावशी उतरली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तर त्याला कोणते कारण सांगाल? मुले कारण शोधतात आणि बहुधा स्वतःतच शोधतात: मी त्रास दिला म्हणून ती गेली. मग सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, पोट दुखते, शाळेच्या दारात रडारड होते. यांपैकी बरेच काही काही महिन्यांत निवळते. परंतु आपण होऊन ते ओढवून घेण्याचे काय प्रयोजन?

आपल्या इतिहासाला ही गोष्ट पाश्चात्त्यांआधी ठाऊक होती. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती साथ देत नव्हती, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ बाळाला दूध पाजायला आल्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई गेल्या तेव्हा बाळराजे सव्वादोन वर्षांचे होते. पुढचे बालपण आजी जिजाऊंच्या छायेत गेले. एवढ्या मोठ्या इतिहासातही त्या दूधआईचे नाव आणि गाव आजवर लोकांच्या तोंडी राहिले आहे. आजी आणि दूधआई, मूल या दोघींच्या हातांवर मोठे होते; तुमच्या घरीही तेच चालले आहे.

पण तिच्याविषयी बोलू. मुलाला वाढवता वाढवता मुलाच्या बापावर जीव जडणे हे नवल नाही आणि पापही नाही. विचार करा. दिवसाचे दहा तास ती तुमच्या घरी असते. घरातील सर्वांत कोवळ्या जिवाची जबाबदारी तिच्यावर. त्याचा ताप, त्याचा घास, त्याची नवी कविता, हे सगळे सांगायला संध्याकाळी एकच माणूस येतो, आणि तो मनापासून ऐकतो. तीस वर्षांच्या आयुष्यात तिचे बोलणे इतके लक्ष देऊन आणखी कोणी ऐकले असेल? नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून गावात नजर खाली घालून चालणे, मावसबहिणीच्या घरी कोपऱ्यात अंथरूण. आणि येथे 'तू होतीस म्हणून निभावले' असे म्हणणारा सभ्य मनुष्य. जीव जडला नसता तरच आश्चर्य होते.

प्रश्न वेगळा आहे: जीव नेमका कोणावर जडला आहे? मुलावर, त्या घरावर, की त्या पुरुषावर? या तिन्हींचा गुंता तिला स्वतःलाही सुटत नसेल.

तुमच्या पिढीने 'साउंड ऑफ म्युझिक' हा १९६५ सालचा चित्रपट पाहिला असेल. मठातून आलेली तरुणी सात मुलांना गाणी शिकवते, त्यांच्या विधुर बापाच्या प्रेमात पडते, शेवट गोड होतो. ती माणसे खरी होती. कॅप्टन गेओर्ग फॉन ट्राप यांची पत्नी आगाथे १९२२ साली लोहितज्वराने गेली. १९२६ साली साल्झबुर्गच्या नोनबर्ग मठातून मारिया त्या घरी आली, तीही सातही मुलांसाठी नव्हे, तर आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवण्यासाठी. २६ नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांचे लग्न झाले. ती बावीस वर्षांची, तो सत्तेचाळीस. पुढे आत्मकथनात मारियाने जे लिहिले ते चित्रपटात नाही. लग्न करताना तिचे त्याच्यावर प्रेम नव्हतेच. तो तिला आवडत असे, पण प्रेम मुलांवर होते. मुलांशीच आपण जणू लग्न केले, असे तिने मोकळेपणी सांगितले. नवऱ्यावर प्रेम बसले ते नंतर, आणि खूप बसले, असेही ती सांगते.

मारियाच्या बाबतीत ते साधले. म्हणून सर्वत्र साधेल असे नाही. मुले मोठी होऊन घराबाहेर पडतात आणि मग समोर फक्त तो एक मनुष्य उरतो, ज्याच्याशी केवळ मुलांसाठी लग्न केले होते. तेव्हा 'पोराला आई मिळेल' हे तुमच्या शेजारणीचे म्हणणे मला अर्धेच पटते. पोराला आई मिळालेली आहेच, रोज सकाळी बसने येते. लग्न हा त्या दोघांचा प्रश्न आहे आणि तो त्या दोघांपुरताच तपासला पाहिजे. त्याहून खटकते ते 'तुझीही सोय होईल' हे वाक्य. त्या सोयीत पगार वाचणे आहे, गुडघ्यांना विश्रांती आहे. बिनपगारी, कायमची, रजा न घेणारी सांभाळणारी म्हणून कोणी सून करून आणू नये.

तुमच्या मुलाकडे वळते. पत्रात त्याच्याविषयी तुम्ही सर्वांत सौम्य आहात. आईने असावे तसे. पण त्या घरात पगार देणारा हात त्याचा आहे. त्याने उद्या नकार दिला तर त्याचे एक संध्याकाळचे अवघडलेपण होईल. तिने नकार दिला तर तिची नोकरी जाईल, आणि गावी मुलीच्या शाळेचे पैसे थांबतील. आणि समजा त्याने विचारले आणि ती हो म्हणाली, तर ते 'हो' किती मोकळे? तिचा जीव खरोखर त्याच्यावर असला तरीही हा प्रश्न सुटत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा घरकामगार स्त्रियांनाही लागू आहे; त्यांच्यासाठी मालकाचे घर हेच कामाचे ठिकाण. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तुमचा मुलगा तसा नाही, हे मी तुमच्या पत्रावरून मानते. तरीही ही तरतूद घरातील प्रत्येक पुरुषाला माहीत असावी. विधुराचे एकटेपण फार सहज कृतज्ञतेला प्रेम समजते, आणि पुरुष ते लवकर बोलून दाखवतो किंवा बोलण्याऐवजी हात पुढे करतो.

म्हणून पहिले बोलणे मुलाशी करा, तिच्याशी नव्हे. एकांतात, नातू झोपल्यावर. आडवळण नको. 'तिचा जीव तुझ्यावर जडला आहे असे मला वाटते. तुझ्या मनात काय आहे?' एवढे विचारा आणि गप्प बसा. आया प्रश्न विचारून उत्तरही आपणच देतात, ते टाळा. तो चिडेल, 'काहीतरीच काय' म्हणेल. दोन दिवसांनी परत विचारा.

तो म्हणाला, मनात काही नाही, तर त्याने वागण्यात ते स्पष्ट केले पाहिजे. इस्त्रीचे शर्ट आपोआप हँगरला येतात आणि आपण काही पाहिलेच नाही, हे चालणार नाही. ते शर्ट त्याने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्यावेत. सातला तिची सुट्टी म्हणजे सातला. त्याला उशीर होणार असेल तर नातू तुमच्यापाशी. मग तुम्ही तिच्याशी बोला. लाजवू नका. 'मला सगळे कळते गं, पण तुझ्या मनाला त्रास होईल असे यात काही पुढे जाणार नाही' एवढे पुरे. ती रडेल, कदाचित काम सोडण्याची भाषा करील. तिला सावकाश ठरवू द्या. काही जणी अशा वेळी राहतात आणि वर्षभरात मन निवते. काहींना राहणे असह्य होते. जायचेच ठरले तर एका दिवसात जाऊ देऊ नका. महिना-दोन महिने आधी नातवाला सांगा, नवी सांभाळणारी तिच्याच सोबतीने रुळू द्या, आणि गेल्यावरही तिने अधूनमधून त्याला भेटावे, फोनवर बोलावे. तिला शिफारसपत्र द्या, तीन वर्षांच्या मानाने पैसे द्या. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ स्थापन करण्याची तरतूद झाली. १८ ते ६० वर्षांच्या घरकामगारांना तेथे नाव नोंदवता येते. तिची नोंदणी झाली आहे का? नसेल तर हे काम तुम्ही आजच करू शकता, पुढे काहीही घडो.

आणि तो म्हणाला, मनात आहे, तर?

तर त्याने लगेच तिला विचारू नये. आधी तिचे पाय भुईवर येऊ द्यावेत. माझी सूचना विचित्र वाटेल, पण ती अशी: काही महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम तिच्या नावे, तिच्याच बँक खात्यात जमा करा आणि तिला सांगा की उत्तर काहीही असो, हे पैसे तुझे. दुसऱ्या एखाद्या घरी तिला काम मिळेल अशी व्यवस्था आधी पाहून ठेवा. मगच, तुमच्या घरात नव्हे, तिच्या माणसांच्या साक्षीने, तिच्या आईसमोर किंवा मावसबहिणीसमोर विषय निघावा. त्या वेळी तुमच्या मुलाने मालक म्हणून नव्हे, मागणी घालणारा म्हणून खुर्चीत अवघडून बसावे. तिला विचार करायला हवा तितका वेळ द्यावा. पेठच्या त्या घरात चहाचा कप हातात धरून वाट पाहण्याची पाळी एकदा त्याच्यावर येऊ द्या.

पुढचा भाग कोरडा आहे, पण वगळता येत नाही. नवऱ्याने टाकलेली, असे तुम्ही लिहिले आहे. टाकलेली म्हणजे घटस्फोटित नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी संगमनेरला १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली आणि ॲड. निशा शिवूरकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या स्त्रियांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लावून धरला. नवरा दुसरा संसार थाटतो आणि ही मात्र ना सधवा, ना मुक्त. पहिला विवाह कायद्याने टिकून असताना झालेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याप्रमाणे रद्दबातल ठरते आणि तो गुन्हाही आहे. म्हणजे तिला पत्नीचा दर्जा मिळणार नाही. ती तुमच्या घरात पुन्हा टांगणीवरच राहील. दोन वर्षांहून अधिक काळ नवऱ्याने सोडून दिले असल्यास त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. दोघे तयार असतील तर परस्परसंमतीनेही. ती आदिवासी समाजातील असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू होत नाही, तेथे रूढी पाहावी लागते, आणि रूढीने झालेली काडीमोड सिद्ध करता आली पाहिजे. हे वकिलाला विचारूनच ठरवावे. त्यासाठी खर्चाची चिंता नको. स्त्रियांना, मग उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. १५१०० ही त्यांची मदतवाहिनी आहे. मात्र तिचा वकील तिचा असावा, तुमच्या मुलाने नेमलेला नव्हे.

ही अडचण दूर झाली तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करावा. तीस दिवसांची नोटीस लागते, तीन साक्षीदार लागतात. ते तीस दिवस लोकांना कटकटीचे वाटतात. तुमच्यासारख्या घरात नातवाला समजावून सांगायला तेवढा वेळ लागतोच.

यावरून मला धोंडो केशव कर्वे आठवतात. १८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारली; मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. मुली द्यायला लोक तयार होते. पस्तिशीच्या उंबरठ्यावरील विधुराला दहा-बारा वर्षांची वधू मिळणे तेव्हा मुळीच कठीण नव्हते. कर्व्यांनी ठरवले की करायचे तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालवयात विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला, तोही उघडपणे, दिवसाढवळ्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, यांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात आपल्या आयुष्याची हकीकत सांगितली आहे.

बाया काही कर्व्यांच्या घरी पगारावर नव्हत्या, हे खरे. पण समाजाच्या उतरंडीत त्या काळी केशवपन झालेली विधवा जिथे होती तिथून आजची टाकलेली, दुसऱ्याचे मूल सांभाळणारी बाई फार वर नाही. कर्व्यांच्या त्या निर्णयातील दोन गोष्टी मला तुमच्यासाठी महत्त्वाच्या वाटतात. एक, ती आली तेव्हा तिच्यापाशी शारदा सदनातील शिक्षण होते, आपल्या बळावर उभे राहण्याची वाट होती. लग्न हा तिचा एकमेव निवारा नव्हता. दुसरी, चारचौघांत लग्न झाल्याने पुढच्या बोलण्यांना तोंड देताना ती एकटी नव्हती. 'मुलाची बाई ठेवलेली होती, तिच्याशीच केले' असे कोणी तुमच्या मुलाला म्हणेल. त्याचे उत्तर त्याच्यापाशी तयार हवे, तिच्यावर ढकललेले नको. (ज्या रघुनाथला अकराव्या वर्षी सावत्र आई मिळाली तेच पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे र. धों. कर्वे. आरोग्यविषयक नियतकालिकांत लिहिणाऱ्या आम्हां सर्वांचे ते पूर्वज.)

तुमच्या पत्रात एका व्यक्तीला एकच ओळ मिळाली आहे, ताई. गावी असलेली आठ वर्षांची मुलगी. तुमच्या नातवाला मावशीच्या हातचा घास मिळतो तेव्हा ती आपल्या आजीपाशी जेवत असते. म्हणजे दोन मुले दोन आज्यांपाशी आणि त्यांच्यामध्ये एक बाई बसने ये-जा करणारी. लग्नाचा विचार झाला तर त्या मुलीचे काय, हा पहिल्या पाच प्रश्नांतला असला पाहिजे. ती या घरी येईल का, कोणत्या शाळेत जाईल, तुमचा नातू आपली मावशी वाटून घेईल का. लग्नाचा विचार झाला नाही तरीसुद्धा, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत तिला चार दिवस नाशिकला बोलवा. दोन्ही मुले एकत्र खेळताना पाहिली की घरातील प्रत्येकाला बऱ्याच गोष्टी न बोलता कळतील.

आणखी एक कागद. वडिलांची पत्नी झाल्याने स्त्री आपोआप मुलाची कायदेशीर पालक होत नाही. उद्या तुमच्या मुलाचे काही बरेवाईट झाले तर तिचा आणि नातवाचा संबंध कागदावर शून्य. सावत्र आई-वडिलांना मूल दत्तक घेण्याची रीतसर प्रक्रिया आता आहे. ती लग्नानंतर, घाई न करता, पण न विसरता करावी. त्याआधी सुनेच्या आईवडिलांना विश्वासात घ्या. लग्नाचा निर्णय त्यांना शेजाऱ्यांकडून कळू नये. त्यांच्या मुलीचा फोटो भिंतीवरून उतरवला जाणार नाही, हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

हेच पत्र एखाद्या घरातून सत्तरीतल्या आजोबांविषयी आणि त्यांच्या शुश्रूषेला येणाऱ्या बाईंविषयीही येऊ शकले असते, आणि तशी पत्रे येतातही. तेथे मुले 'ती लुबाडायला आली आहे' असे आधीच ठरवून बसतात. त्याविषयी एकदा स्वतंत्रपणे लिहीन; मालमत्तेचा प्रश्न तेथे निराळा असतो.

शेवटी तुमच्याविषयी. पत्रभर तुम्ही इतरांची काळजी केली आहे, पण 'मला दोन्ही ऐकवत नाही' हे वाक्य लिहिताना तुमचा हात थोडा थरथरला असावा. अक्षर तिथेच तेवढे बिघडले आहे. सून गेल्यानंतर त्या घराची बाई तुम्ही झालात. आता कोणी दुसरी त्या जागी येईल, आणि तीही काल तुमच्या हातून पगार घेणारी. तिला 'सूनबाई' म्हणणे तुम्हाला जड जाणार आहे. जड जाते, हे स्वतःशी कबूल करायला हरकत नाही. त्यासाठी तिच्यातल्या खोडी शोधायची गरज पडत नाही. शिवाय सुनेसाठी तुम्ही अजून पुरते रडलेल्या नाहीत, असे मला वाटते. तान्हे मूल हातात होते, रडायला उसंत कुठे होती? झोप लागत नसेल तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. रक्तदाबाची गोळी वाढवताना डॉक्टरांना झोपेचे आणि या काळजीचेही सांगा, नुसते आकडे दाखवू नका.

तोवर एक लहान गोष्ट करा. उद्या संध्याकाळी सातला, तुमचा मुलगा आलेला असो वा नसो, तिला म्हणा, 'चल गं, मी तुला बसपर्यंत सोडायला येते.' गुडघ्यांना झेपेल तेवढेच चाला. वाटेत तिच्या मुलीचे नाव विचारा. पत्रात ते कुठे आले नाही. तुम्हाला ठाऊक नसावे.